डेन्मार्कचें राज्य व विदर्भाचा शेतकरी

युरोपच्या उत्तर भागांतील डेन्मार्क हें लहानसें राज्य आमच्या बहुतेक वाचकांस नकाशावरील ठिपक्याहून अधिक परिचयाचें नसेल. जर्मनीच्या उत्तरेस समुद्रांत शिरलेलें जटलंड द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेकडील फ्यून, झीलंड वगैरे बेटें मिळून हा देश झाला आहे. राजधानी कोपनहेगन झीलंड बेटावर आहे. ग्रीनलंड व फॅरो बेटें याच राज्यांत मोडतात. तीं वगळतां देशाचें क्षेत्रफळ सुमारें ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याहून कमी भरतें. तेथील सर्वांत उंच टेकडी १७१ मीटरांची; आपलें नागपूर शहरच समुद्रसपाटीपासून ३०० मीटरांहून उंच आहे! कोळसा-लोखंडाच्या मोठ्या खाणी तेथें नाहींत, आणि जटलंडचा पश्चिम भाग तर एके काळीं केवळ माळरान होता.

असा देश संपन्न झाला तो दैवानें नव्हे. शेतकऱ्यास जमीनदाराच्या गांवीं जखडून ठेवणारा कायदा १७८८ सालीं रद्द झाला. १८१४ सालीं मुलांस शिक्षण सक्तीचें झालें. १८६४ च्या युद्धांत प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत हिरावून घेतले. तेव्हां रडत न बसतां या लोकांनीं जटलंडचें माळरान लागवडीस आणण्याचें काम हातीं घेतलें. ग्रुंडविग यांच्या विचारांतून १८४४ पासून निघालेल्या लोकशाळांत तरुण शेतकरी हिवाळ्यांत शिकत. तेथें परीक्षा नव्हती. पुढें अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्यानें बाजार बसला, तेव्हां याच लोकांनीं धान्य सोडून लोण्याची कास धरली. १८८२ सालीं पश्चिम जटलंडांत पहिली सहकारी दुग्धशाला निघाली. गाई दोन असोत वा पन्नास, प्रत्येक सभासदास मत एकच! दहा वर्षांच्या आंत अशा शेंकडों संस्था उभ्या राहिल्या.

आपल्याकडे सहकाराचा कायदा १९०४ सालींच झाला, आणि १९७२ सालीं राज्य सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदीही सुरू केली. परंतु ती योजना वरून आली. सूत्रें शेतकऱ्याच्या हातीं नव्हतीं. आजही कापूस कच्चाच परगांवीं जातो आणि संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतांनाच विकला जातो. डेन्मार्कची हवा व लोकसंख्या निराळी आहे हें आम्हांस मान्य आहे. पण एका सभासदास एक मत आणि शेतकऱ्याच्या मुलास शाळा, या दोन गोष्टींस कोणती हवा आड येते?

आमच्या व्यापारी बंधूंनींही यांत भय मानण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्याच्या गांठीस चार पैसे राहिले, तर ते इतवारीच्या पेठेंतच यावयाचे. तेव्हां संस्था काढणाऱ्यांस त्यांनीं हिशेब ठेवण्याची विद्या शिकवावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.