गल्पची दोन उत्तरं

गल्प हे जावास्क्रिप्टमधलं एक जुनं बिल्ड टूल. विखुरलेल्या फायली एकत्र करणं, त्या आवळून लहान करणं, सॅसचं सीएसएस बनवणं ही वेबसाइटमागची रोजची हमाली ते २०१३ पासून करत आलंय. टर्मिनलमध्ये त्याला व्हर्जन विचारलं, की दोन ओळी उमटतात. वर सीएलआयचं, म्हणजे कमांड-लाइनवरच्या गल्पचं व्हर्जन, समजा २.३.०, खाली लोकल व्हर्जन, समजा ४.०.२. नवखा माणूस वरची ओळ वाचतो आणि आपलं गल्प फारच जुनं आहे असं समजून अपडेट करायला धावतो. पण वरचा आकडा नुसत्या दरवानाचा आहे. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथून वर वर जात गल्पफाइल शोधायची, त्या प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्समधलं गल्प गाठायचं आणि काम त्याच्या हवाली करायचं, एवढीच सीएलआयची नोकरी. खरं बिल्ड करतं ते खालच्या ओळीतलं गल्प. तीच कमांड प्रोजेक्टच्या बाहेर दिली, तर लोकल व्हर्जनपुढे ‘अननोन’ येतं. म्हणजे ‘मशीनवर कोणतं व्हर्जन आहे?’ हा प्रश्न मुळातच अर्धवट आहे. कोणत्या फोल्डरमधून विचारलं, हे सांगितल्याशिवाय त्याच्या उत्तराला काही किंमत नाही. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. गल्पच्या आधीच्या ग्रंटनंही ०.४ पासून सीएलआय वेगळं काढलं होतं, ते एकाच मशीनवर दोन प्रोजेक्टांना दोन वेगळी व्हर्जन्स वापरता यावीत म्हणून.

एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण चुकीच्या आकड्यावर विसंबलं की काय होतं, ते गल्पच्याच इतिहासात दिसतं. गल्प ३ नोड १२ वर चालवलं, की ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ असा एरर येतो. या वाक्यात ना गल्पचं नाव, ना नोडचं. दोष असतो गल्प ३ च्या पोटातल्या ग्रेसफुल-एफएस या जुन्या पॅकेजचा, आणि माणूस मात्र स्वतःचा कोड उसवत बसतो. बरं, गल्प ४ टाकावं तर टास्क लिहायची पद्धत बदललेली. जुनी गल्पफाइल तिथेही अडते. तरी एरर परवडला, तो निदान बोंब मारतो. २०२४ मध्ये आलेलं गल्प ५ फायली यूटीएफ-८ मजकूर म्हणून वाचतं. एन्कोडिंग बंद करायला सांगितलं नाही, तर फोटो आणि फॉन्ट बिघडतात, आणि बिल्ड मात्र निर्धोक पूर्ण झाल्याचं सांगतं. अशा वेळी लोकल व्हर्जनची ती एक ओळच काय तो सुगावा देते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पॅकेज-जेसन आणि लॉकफाइलमध्ये सगळं लिहिलेलं असताना विचारायचं कशाला? कारण तिथे काय असायला हवं ते लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात काय आहे ते नाही. चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेल्या एन्नोरच्या खाडीची गोष्ट इथे आठवते. केंद्रानं १९९६ मध्ये मंजूर केलेल्या किनारा आराखड्यात ती खाडी संरक्षित म्हणून दाखवलेली होती. २०१७ मध्ये कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारातून कागद मिळवले, तर नंतरच्या नकाशात खाडीच नव्हती. मंजूर नकाशा कुणी रद्द केला नव्हता. वाद होता तो टेबलावर कोणता नकाशा उघडलाय याचा. खाडीच्या मानानं आपला मामला अगदीच किरकोळ, पण घोळ त्याच जातीचा. गिटमध्ये ब्रँच बदलली की लॉकफाइल लगेच बदलते, नोड मॉड्यूल्स मात्र जुन्या ब्रँचचंच पडून राहतं. पॅकेज बसवणाऱ्या एनपीएमच्या ‘एलएस’ कमांडला गल्पचं नाव देऊन विचारलं, तर पॅकेज-जेसनशी न जुळणाऱ्या व्हर्जनपुढे ते ‘इनव्हॅलिड’ असं लिहून मोकळं होतं.

दुसरा आक्षेप एनपीएमसोबत येणाऱ्या एनपीएक्सच्या चाहत्यांचा: सगळं त्यातूनच चालवा, ते लोकलच उचलतं. उचलतं, असलं तर. नसलं, आणि ग्लोबलही नसलं, तर रजिस्ट्रीतून ताजं आणतं, आणि मग व्हर्जन सांगितलं जातं ते नुकत्याच आणलेल्याचं. नवं एनपीएम आधी परवानगी विचारतं खरं, पण तो प्रश्न वाचून ‘वाय’ दाबणारे विरळे. बिल्ड सर्व्हरवर तर विचारतही नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे सगळ्यांच्या आवडीचा उपाय: नोड मॉड्यूल्स उडवा, एनपीएम सीआय मारा, लॉकफाइलबरहुकूम सगळं नव्यानं बसेल. उपाय चांगलाच आहे. फक्त आधी काय बसलं होतं याचा पुरावाही त्यात जातो, आणि ‘काल का चालत होतं’ हे कायमचं अनुत्तरित राहतं. शिवाय नोड स्वतः या लॉकफाइलच्या बाहेर असतं. पॅकेज-जेसनमधल्या ‘इंजिन्स’मध्ये नोडचं व्हर्जन लिहिलं, तरी एनपीएम एरवी फक्त इशारा देऊन पुढे जातं. म्हणून बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये सर्वांत आधी, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच, नोडचं आणि लोकल टूलचं व्हर्जन छापून घ्यावं. लॉगमध्ये दोन-तीन ओळी वाढतात, त्या वाढू द्याव्यात.