मोरचुदाच्या हिशेबात दडलेले मोलचे गणित

नाशिक, प्रतिनिधी - ‘अमुक ग्रॅम पदार्थ म्हणजे किती मोल?’ हा प्रश्न समोर आला की अकरावीच्या अनेक विद्यार्थ्यांची भंबेरी उडते. गुणायचे की भागायचे, येथेच घोडे अडते. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत मात्र हे गणित बोर्डो मिश्रणाच्या रूपाने प्रत्यक्ष फवारले जाते.

द्राक्षावरील केवडा अर्थात ‘डाऊनी’ या बुरशीजन्य रोगावरील हा जुना उपाय. फ्रान्समधील बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर तांब्याचे क्षार व चुना शिंपडीत. त्या वेलींवर रोग कमी असल्याचे शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर मांडले. एक टक्का मिश्रणासाठी रूढ प्रमाण आहे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी.

वजन सारखे, संख्या वेगळी

तराजू वजन सांगतो. रासायनिक अभिक्रिया मात्र कणांच्या संख्येनुसार घडते. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे मोल. डझन म्हणजे १२, तसा एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याही याच ठरावीक संख्येवरून केली जाते. पदार्थाचे रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतले की एका मोलचे वजन मिळते.

मोरचूद म्हणजे स्फटिकजलासह कॉपर सल्फेट. त्यात तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४ आणि पाण्याचे पाच रेणू ९०; एकूण २४९.५. म्हणून १००० ग्रॅमला २४९.५ ने भागले की सुमारे ४ मोल मिळतात. कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, ४० अधिक १६ म्हणजे ५६. एका किलोत त्याचे सुमारे १८ मोल भरतात. वजन सारखे असूनही कणांची संख्या चौपटीहून अधिक!

चुना किती लागतो?

चुना पाण्यात विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. सोप्या मांडणीनुसार त्याचा एक मोल मोरचुदाच्या एका मोलशी संयोग पावतो. म्हणजे ४ मोल मोरचुदासाठी चुनाही ४ मोल हवा. आता मोलकडून पुन्हा ग्रॅमकडे यायचे, म्हणून गुणाकार : ४ गुणिले ५६, म्हणजे २२४ ग्रॅम. मिश्रणातील तांबेही असेच काढता येते. ४ गुणिले ६३.५, म्हणजे २५४ ग्रॅम.

मग १ किलो चुना कशासाठी? हा हिशेब शुद्ध, ताज्या चुन्याचा आहे. साठवलेला चुना हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होत जातो. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळे राहते आणि कोवळी पाने करपतात. त्यामुळे बागायतदार मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा लागतो. लोखंड मोकळे तांबे बाहेर काढते, हे त्यामागील कारण. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी भांड्यात करीत नाहीत.

चूक होते कोठे?

स्फटिकजलाचे ९० विसरणे ही परीक्षेतील नेहमीची चूक. मग २४९.५ ऐवजी १५९.५ ने भागले जाते, ४ ऐवजी ६.२७ मोल येतात आणि चुन्याचा हिशेब २२४ वरून ३५१ ग्रॅमवर जातो. दुसरी चूक ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारण्याची.

त्यावर क्रम सोपा आहे. प्रथम रेणुसूत्र पूर्ण लिहावे. वजनाला मोलच्या वजनाने भागून मोल काढावेत. समतोल समीकरणातील प्रमाणाने दुसऱ्या पदार्थाचे मोल ठरवावेत आणि शेवटी गुणाकार करून ग्रॅम मिळवावेत. प्रत्येक पायरीवर एकक लिहिले, तर गुणायचे की भागायचे हा प्रश्न उरत नाही.