रोग आमचा, प्रश्न कोण विचारणार?

मागच्या महिन्यात येरवड्याच्या विहारात वंदना आटोपल्यावर एक मुलगी भेटायला आली. मूळची भंडारा जिल्ह्यातली, एमबीबीएस झालेली. म्हणाली, "जयभीम सर. एमडी तर करायचंच आहे, पण पुढे पीएचडी करू का? घरचे म्हणतात, डॉक्टरला आणखी डॉक्टर कशाला व्हायचं?" शेजारी बसलेले उपासक हसले. मला हसू आले नाही, कारण तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, हे तिने आधीच सांगितले होते.

विदर्भातील आपल्या वस्त्यांना हा आजार नवा नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर वेदनेने तळमळते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. हा कोण्या जातीचा शाप नव्हे. आदिवासींत, बौद्धांत तो आहे, तसाच कुणबी-तेली समाजातही आहे. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळाले म्हणून तो टिकला. भारतात १९५२ मध्ये तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांबद्दल 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले.

आता खरा मुद्दा. १९८६ मध्ये ओरिसातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि भारतीय सिकलसेल सौम्य असतो, हा समज पक्का होत गेला. त्याला शास्त्रीय कारणही होते, आपल्याकडील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते. पण नागपूरच्या शासकीय रुग्णालयातील बालरोग वॉर्डात पोरे पुन्हापुन्हा भरती होत होती, वारंवार रक्त चढवावे लागत होते. तेथील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी नोंदी ठेवल्या आणि कमी मात्रेत हायड्रॉक्सीयुरिया दिल्यास वेदनेचे झटके व रक्ताची गरज किती कमी होते, हे तपासून दाखवले. हा प्रश्न खाटेजवळ सुचला. पण तो तडीस न्यायला नोंद, तुलना, आकडेमोड आणि चिकाटी लागली. मी वकील आहे. अशिलाचे दुःख खरे असले तरी पुरावा नसेल तर न्यायाधीश हात वर करतात. वैद्यकशास्त्राचेही तसेच आहे.

आमच्या पुण्यातच पाहा. बी. जे. मधून शिकलेले आणि ऑक्सफर्डमध्ये काम करून आलेले डॉ. चित्तरंजन याज्ञिक केईएम रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. हे रुग्ण तरुण, अंगाने बारीक, मग त्यांना मधुमेह का, हा त्यांचा प्रश्न. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू झाला. इथले बाळ सरासरी २.७ किलोचे, साउथॅम्प्टनचे ३.५ किलोचे. पण इथल्या बाळाच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. मधुमेहाची मुळे आईच्या उपाशीपोटी शोधावी लागतील, हे शेतमजूर बाईच्या बाळाला तराजूत घालून कळले.

मग एमडीचा प्रबंध पुरत नाही काय? बहुतेकदा नाही. तीन वर्षे निवासी डॉक्टर रात्रपाळ्या करतो, विषय बहुधा मार्गदर्शक सुचवतो आणि प्रबंध परीक्षेपुरता उरतो. पीएचडीत स्वतःचा प्रश्न स्वतः मांडून, चुकला तर मोडून पुन्हा उभा करावा लागतो. अर्थात पीएचडी म्हणजे जादूची कांडी नव्हे. प्रबंध लिहून देणारी दुकाने मी पाहिली आहेत. बढतीसाठी मिळवलेली पदवी रुग्णाच्या काय कामाची?

अडचण पैशाची आहे. सधन घरातला मुलगा आणखी तीन-चार वर्षे संशोधनात घालवू शकतो. सफाई कामगाराची मुलगी डॉक्टर झाली की त्याच दिवशी घराचे डोळे तिच्या पगाराकडे लागतात, आणि त्यात घराचे काही चुकत नाही. अमेरिकेने १९६४ पासून वैद्यकीय पदवी आणि पीएचडी एकत्र करणाऱ्यांसाठी सरकारी विद्यावेतन सुरू केले. आमच्याकडे बार्टीची फेलोशिप आहे, पण त्या फेलोशिपसाठीही संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. बाबासाहेबांना बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर कोलंबियाचा प्रबंध कुठून झाला असता? बार्टीने डॉक्टरांसाठी काही जागा वेगळ्या ठेवाव्यात आणि रक्कम निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनाइतकी तरी असावी, अशी माझी सूचना आहे.

पैशापलीकडचीही एक भीती आहे. २०१९ मध्ये नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने आपला जीव संपवला आणि तिच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. वरच्या शिक्षणाला आमची मुले कचरतात, त्यामागे हेही आहे.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी होणार, २०४७ पर्यंत आजार संपवणार. चांगले आहे. पण वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडते, तेव्हा तिला काय सांगायचे? आमच्या वस्तीतले रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात? हे प्रश्न त्या वस्तीत वाढलेल्या डॉक्टरलाच आधी सुचतील.

त्या मुलीला मी आधी एमडी पूर्ण कर, असे सांगितले. फेलोशिपचा अर्ज आपण मिळून भरू. ती म्हणाली, "सर, विषय ठरलाय. भावाच्या गोळ्यांवरच."