काम आपले, नाव दुसऱ्याचे

कराडलगतच्या मलकापुरात बांधकामे वाढली तसे अनेक गवंडी, सेंट्रिंगवाले आणि फरशी कारागीर स्वतःच ठेके घेऊ लागले. खाजगी घराचे काम तोंडी बोलीवर निभावते, कारण मालक समोर असतो. सरकारी काम मात्र छोट्या माणसाच्या हाती बहुधा 'पेटी'ने येते. निविदा एकाची, माल व मजुरी दुसऱ्याची.

जुलै 2025 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तांदुळवाडीच्या (ता. वाळवा) एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे 1 कोटी 40 लाख रुपये थकल्याचे सांगण्यात आले. शासनाचा खुलासा असा की, तो उपठेकेदार होता, त्याच्या नावे बिलच नाही. खुलासा कोरडा वाटतो, पण कागदावर तो टिकतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद निविदाधारकाची होते, बिलही त्यालाच मिळते.

काम पूर्ण केल्याचा दाखलाही त्याच्याच नावे निघतो! म्हणून दहा वर्षे पेटीवर राबलेल्या मिस्त्रीकडे नोंदणीच्या वेळी अनुभवाचा एक कागद नसतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात खालच्या वर्गात नोंदणी करायची तर ऐपतीचा व अनुभवाचा दाखला लागतो. घरात कोणी अभियंता झाला असेल तर वाट सोपी. लहान कामांचा काही हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंते व मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी राखीव असतो. याची आपल्याकडे फारशी चौकशी होत नाही.

दुसरी अडचण भांडवलाची. बयाणा आधी भरावा लागतो आणि अनामत काम संपल्यावरही अडकून राहते. टांझानियात 1997 च्या कायद्याने ठेकेदार नोंदणी मंडळ झाले, ठेकेदारांचे सात वर्ग पडले. पुढे त्याच मंडळाने लहान ठेकेदारांना बयाण्याची हमी मिळावी म्हणून निधी उभारला. नुसता नियम लावून लहान माणूस वर येत नाही, हे त्यांनी ओळखले.

तोवर पेटी काम घ्यावेच लागले तर मुद्रांकावर करार करावा. दर लेखी ठरवावेत, मोजमापावर दर आठवड्याला दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेतूनच घ्यावेत. प्राप्तिकर कापला जातो म्हणून रोखीचा आग्रह धरणारे बरेच आहेत. पण एकट्या व्यक्तीच्या नावे ही कपात शेकडा 1 असते, पॅन न दिल्यास 20. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते. पेटीवाल्याच्या हाती काम केल्याचा एवढा तरी सरकारी पुरावा राहतो.