आठ वाजताची ‘ओव्हर’

गेल्या पावसाळ्यात बाबा पोटदुखीने आठवडाभर रुग्णालयात होते. वय ७१, मधुमेह जुना, जेवणाआधी इन्सुलिन. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी ठरली, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरांनी बजावलं, “काका, सकाळी काही खायचं नाही.” बाबांनी चहासुद्धा घेतला नाही.

आठला पाळी बदलली. टेबलापाशी दोघी सिस्टर बोलत होत्या, तेवढ्यात फोन वाजला, स्ट्रेचरवरून नवा पेशंट आला आणि आमच्या बेडचं बोलणं अर्धवट राहिलं. सकाळच्या सिस्टरांनी चार्ट पाहिला. चार्टवर इन्सुलिन होतं, त्यांनी दिलं. नऊच्या सुमारास बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर ५२! लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं, थोड्या वेळाने ते नीट बोलू लागले. त्या सिस्टर मात्र बराच वेळ कोपऱ्यात उभ्या राहून रडत होत्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील.

त्यांचा मला राग आला नाही. बाबा उपाशी आहेत ही गोष्ट चार्टवर नव्हती, रात्रीच्या सिस्टरांच्या डोक्यात होती आणि त्या एव्हाना घरच्या बसमध्ये बसल्या होत्या. राग आला तो स्वतःचा. इंजेक्शन देताना मी शेजारीच लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मेलला उत्तर लिहीत होते. बाबा उपाशी आहेत हे मला ठाऊक होतं. इन्सुलिन खाण्याआधीचं असतं, हेही ठाऊक होतं.

पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवण्याला नर्स मंडळी ‘ओव्हर देणं’ म्हणतात. (मला आधी क्रिकेटच आठवलं.) बहुतेक ठिकाणी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ, म्हणजे दिवसातून तीनदा अख्खा वॉर्ड एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आम्ही ऑफिसात रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या टीमकडे काम सोपवतो. समोरच्याने ‘मला हे असं समजलं’ असं उलट सांगितल्याशिवाय कॉल संपत नाही. तिथे फार तर एखादा सर्व्हर बंद पडतो.

नर्सिंगमध्येही याची पद्धत आहे. ‘एसबार’ नावाची, अमेरिकी नौदलाच्या आण्विक पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली. आत्ता काय चाललंय, मागचं काय, माझं मत काय आणि आता काय करायला हवं, एवढं ठरलेल्या क्रमाने सांगायचं. बाबांच्या बाबतीत शेवटचं वाक्य ‘सोनोग्राफी होईपर्यंत उपाशी, इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा’ एवढंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच अशा ठरावीक पद्धतीची शिफारस केली होती. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ९ रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. तिथल्या निवासी डॉक्टरांना माहिती सोपवण्याची अशीच एक पद्धत शिकवल्यावर उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी घटल्या. पण एका सिस्टरकडे वीस-वीस पेशंट असतील आणि फोनही तिनेच उचलायचा असेल, तर नुसती पद्धत काय करणार?

आपल्यापैकी बरेच जण घरच्यांसोबत रुग्णालयात थांबतात. डबा घेऊन येणारे आपण नेमके आठच्या ठोक्याला पोचतो आणि “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” सुरू करतो. ती पंधरा मिनिटं त्यांना बोलू द्यावं. उपास, ॲलर्जी, घरच्या गोळ्या एका कागदावर लिहून पलंगापाशी ठेवाव्यात आणि नव्या सिस्टर आल्या की तेवढा कागद पुढे करावा. दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीने तर कॅलेंडरच्या पाठीवर ही यादी करून ठेवली आहे.

त्या प्रकारानंतर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी ओव्हर टेबलाऐवजी पलंगापाशी घ्यायला लावली. तिसऱ्या रात्री दोघी सिस्टर बाबांसमोर उभ्या होत्या. “सलाइन चालू आहे, तक्रार नाही,” असं एक दुसरीला सांगत होती. बाबांनी पांघरुणातून हात वर काढला आणि आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत म्हणाले, “बेन, पण हा हात सुजलाय.” सुई शिरेतून निसटली होती. दोघींनी मिळूनच ती बदलली.