विश्रांतीतील देहाचा उष्मांक-व्यय

करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात मातीकामावर जाणाऱ्या स्त्रीच्या आहाराचा विचार होतो, तेव्हा हिशेब बहुधा तिच्या श्रमांचाच मांडला जातो. वस्तुतः मोठा व्यय त्यापूर्वीच झालेला असतो. हृदय, मेंदू, यकृत ही इंद्रिये निद्रेतही राबतात. या व्ययास मूलभूत चयापचय म्हणतात.

तो अचूक मोजावयाचा, तर बारा तास उपाशी व निश्चल पहुडलेल्या व्यक्तीने किती प्राणवायू वापरला हे पाहावे लागते. एका लिटरमागे सुमारे ४.८ उष्मांक धरतात. खेड्यात हे यंत्र कोठून आणावे? तेथे वजनकाटा पुरतो. १८ ते ३० वर्षे वयाच्या स्त्रीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वापरलेले सूत्र सोपे आहे : किलोग्रॅममधील वजनास १४ ने गुणून ४७१ मिळवावेत. ४५ किलो वजनास ११०१ उष्मांक येतात. म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे ग्रॅम ज्वारी, आणि तीही हाती टिकाव घेण्यापूर्वीची! १९८५ च्या आंतरराष्ट्रीय सूत्राने हाच आकडा सुमारे ५ टक्के अधिक येतो. भारतीयांसाठी परिषदेने तो उतरविला.

तरीही हा अंदाजच होय. एकाच व्यक्तीची गरजही दिवसागणिक बदलते, असे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आग्रहाने मांडले होते. गर्भवती व स्तनदा मातांस तर हे सूत्र जसेच्या तसे लावू नये.