फळमाशी आणि वांझ नर

हापूसच्या पक्व होत आलेल्या फळात अंडी घालून आतला गर अळ्यांच्या स्वाधीन करणारी फळमाशी ही रत्नागिरीच्या बागायतदाराची जुनी वैरीण असून, तिच्याच धास्तीने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यास मनाई केली होती. ती पुढील वर्षी उठली. अशा किडीच्या बंदोबस्ताचा जो उपाय अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निप्लिंग यांनी सुचविला, तो मला विलक्षण वाटतो: कोशावस्थेतच किरणोत्साराने वांझ केलेले नर लाखोंनी मोकळे सोडावेत, म्हणजे त्यांच्याशी समागम झालेल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. जनावरांच्या जखमांत वाढणारी स्क्रूवर्म माशी १९५४ साली क्युरासाव बेटावरून, आणि काकडीवर्गीय फळांवरील माशी १९९३ पर्यंत जपानच्या ओकिनावातून, याच मार्गाने निर्मूल झाली.

आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा नरांनाच लक्ष्य करतो, पण त्यांना वांझ न करता मिथाइल युजेनॉलच्या गंधाने ओढून मारतो. मात्र एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेतील माशीला गडग्याची अटक नसते. म्हणून सापळे साऱ्या वाडीने एकाच वेळी टांगावेत, आणि गळलेली फळे रोजच्या रोज वेचून खोल पुरावीत.